आत्याची जड कादंबरी

माझी आत्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलाशी बसायची. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणे, "इतक्या नायकांशी ओळख झाल्यावर साधा माणूस डोळ्यांत भरत नाही गं."

ती तिथे नवी लागली तेव्हा एक कादंबरी आली होती, शिवणकाम करून पोरं वाढवणाऱ्या बाईची. तोवर पुस्तकातल्या नायिका नटूनथटून बोलायच्या. ही मात्र "मेलं नशीब!" म्हणत सुई ओवायची. एका निवृत्त न्यायाधीशांनी ते पुस्तक टेबलावर आपटलं.

"ही काय भाषा? ही तर रस्त्यावर फुकट ऐकू येते!"

"येते की. पण आपण ऐकतो कुठे, साहेब?" आत्या म्हणाली. तोंडाची तिखटच होती. साहेबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं, पण पुस्तक काखोटीला मारून परत घरी नेलं. आत्या तेव्हा आजीला रोज त्यातलं वाचून दाखवी, आणि आजी शेंगा सोलता सोलता डोळे पुसायची.

पुढे कादंबरी अभ्यासक्रमात लागली. तिला अभिजात म्हणू लागले, जाड पुठ्ठा चढला आणि काचेच्या कपाटात जागा मिळाली. मग तिला कुणी हात लावेना. समोरच्या दवाखान्यातल्या नर्सनं नेली, ती दोन दिवसांत परत.

"मावशी, काहीतरी हलकं द्या ना. हिची भाषा फार जड आहे."

त्या दिवशी आत्या घरी आली ती धुमसतच. "जड म्हणे! अगं, हलकी म्हणून हाकलत होते हिला!"

"ताई, रस्त्यावरची भाषा बदलली," बाबा हळूच म्हणाले.

"तू जेव गुपचूप."

पण ते तिला लागलं असावं. शनिवारी दुपारी तिनं नर्सला बसवून घेतलं. "वाचू नकोस. नुसतं ऐक." आणि कादंबरीतलं घरमालकिणीचं भांडण वाचायला घेतलं, आजीला वाचून दाखवायची त्याच ठसक्यात.

नर्स खो खो हसली. "ही तर डिट्टो आमची मेट्रन!"

मग दर शनिवारी पाचसहा जण जमू लागले. एक काका हमखास घोरायचे. एक मुलगी म्हणाली, "वर्णनं गाळा हो." आत्या फणकारली, पण पानभर सूर्यास्त सोडून पुढे गेली. "जाऊ दे, तो आपला आपण मावळेल."

कादंबरी पुन्हा घरोघर फिरू लागली. चहाचे डाग घेऊन यायची. आत्या डागांवरून बोट फिरवायची, रागवायची मात्र नाही.

आता आत्याला दिसत नाही. नर्स येऊन हल्लीची पुस्तकं वाचते. "वाक्यं कशी तोडतात बघ, जिना चढून दम लागल्यासारखी," आत्या कुरकुरते. नर्स गोष्टीत मध्येच थांबली की मात्र आत्याचा हात चाचपडत पुढे येतो.

"अगं, पण त्या पोरीचं झालं काय?"