डावखुऱ्या मामाचा व्हॉल्व्ह

आमचा मामा डावखुरा आहे, आणि हे गल्लीतल्या प्रत्येक मोटारसायकलला ठाऊक आहे. त्याचं टायरचं दुकान. चाकात हवा भरायचा व्हॉल्व्ह सरळ असला की तो ब्रेकच्या डिस्कमागे अडचणीत बसतो, आणि तिथवर पंपाचं तोंड नेताना बोटं सोलून निघतात. म्हणून मामा सगळ्यांना काटकोनात वळलेला व्हॉल्व्ह बसवून देतो. त्याचं तोंड एका अंगाला असतं, पंप अलगद लागतो. फक्त कोणत्या अंगाला, हे गिऱ्हाइकाला विचारायची पद्धत नाही. मामा मागच्या चाकामागे उकिडवा बसतो, त्याचा डावा हात आपसूक डावीकडे जातो, म्हणून व्हॉल्व्हचं तोंडही डावीकडे, चेनच्या बाजूला. बाकीच्यांनी मनगट पिरगाळून, बाहीला ग्रीस फासून हवा भरावी. बरेच जण कंटाळून परत मामाकडेच येतात. याला मामा गिऱ्हाइकांचं प्रेम म्हणतो.

त्याच्या लेकीला, म्हणजे आमच्या ताईला, दूरच्या गावी नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं होतं, पण खोली बघायला बुधवारीच निघायचा बेत होता. "मी माझ्या मोटारसायकलवरून जाणार," असं तिनं जाहीर केलं. मामा हो म्हणाला नाही, नको म्हणाला नाही. "मागचा टायर बदलतो, व्हॉल्व्हही बदलतो, मग बघू," एवढंच म्हणाला.

त्यानं टायर उतरवला आणि तिथेच घोडं अडलं. रोज नवा व्हॉल्व्ह आणायचा, नुसत्या रिमला लावून चाक गाडीत चढवायचा, हळूहळू फिरवायचा, कान देऊन ऐकायचा आणि मान हलवायचा. एकाची मान लांब, दुसऱ्याचं रबर कडक, तिसरा नुसता बघूनच परत. पोरीच्या स्थळांना एवढी नावं ठेवली नव्हती, असं मामी म्हणाली. मग तिचाही धीर सुटला.

"अहो, तिला पाठवायचं नसेल तर तोंडानं सांगा. त्या व्हॉल्व्हला का छळताय?"

"काम चाललंय," मामा म्हणाला.

आम्हा सगळ्यांना वाटलं, हा वेळ काढतोय. शनिवारी ताई त्याला ऐकू जाईल अशा बेतानं मामीला म्हणाली, "राहू दे ती गाडी. मी बसनं जाते." तिला गाडीपेक्षा बापाचा होकार हवा होता, हे गाडी सोडून सगळ्यांना कळत होतं. मामा तसाच उठला आणि बाजारात गेला.

रविवारी सकाळी गाडी दारात तयार उभी होती. "हवा भरून बघ," मामा म्हणाला.

ताई चाकामागे बसली. लहानपणापासूनची सवय, तिनं डावा हात वाकडा करून चेनच्या बाजूला घातला. तिथे काहीच नव्हतं. उजवा हात पुढे केला, तर व्हॉल्व्ह अगदी हाताशी होता. आखूड मानेचा, तोंड तिच्याकडे केलेला.

"बाबा, उलटा बसवलात?"

"मला उलटा. तुला सुलटाच आहे." मामा जमिनीकडे बघत बोलत होता. "या बाजूला ब्रेकचा कॅलिपर असतो, नेहमीचा व्हॉल्व्ह त्याला घासतो. आखूड मानेचा मिळत नव्हता. तिकडे हवा तुलाच भरायची आहे ना."

"आणि त्या निमित्तानं लेक चार दिवस जास्त राहिली, ते?" मामीनं विचारलं.

"तेही झालं," मामा म्हणाला.

ताईनं पंप लावला. डोळे पुसायचे होते, पण हाताला काळं लागलं होतं.

आता ती सुटीला आली की चहाच्या आधी मामा गाडीमागे बसतो. डावा हात डावीकडे जातो आणि रिकामा परत येतो. मग तो पुटपुटत सरकतो, मान मोडतो, मनगट पिरगाळतो, बाही काळी करून घेतो.

"बाबा, द्या इकडे, मी भरते. नाहीतर आता फिरवून घ्या तो तुमच्या बाजूला."

"मग तिकडे तुझे हाल," मामा म्हणतो, आणि पंप काही सोडत नाही.