अन्नपूर्णाबाईंची तक्रार

इंद्रभान पुण्यात बसून जगभरच्या कम्प्युटरांच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नेलमधला, कोड दुरुस्त करायचा. अन् त्याच्या मायची डबी मात्र दर चौथ्या दिवशी बंद! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

वरवट बकालच्या घरात टीव्हीला ती डबी, म्हणजे त्याच कर्नेलवर चालणारा एक छोटा कम्प्युटरच, त्यानंच जोडून दिली होती, मायला गजानन महाराजांची आरती ऐकता यावी म्हणून. अन्नपूर्णाबाई फोन करायच्या, "इंद्रभान, डबी पुन्हा रुसली रे. चौथ्याच दिवशी काऊन रुसते?"

"बंद करून चालू कर ना माय. मी कामात आहो."

दोन वर्षं हेच. बिचाऱ्या बंद करून चालू करायच्या.

दिवाळीनंतर त्या गेल्या. तेरवी झाली, पाहुणे पांगले, इंद्रभान घरात एकटाच उरला. एका संध्याकाळी आरती मधेच थांबली, तेव्हा कुठं या शहाण्यानं लॅपटॉप उघडला.

चूक एका ओळीची निघाली. मेमरीचा तुकडा किती जण वापरताहेत याची मोजणी कर्नेल ठेवतो. ती शून्यावर आली की तुकडा मोकळा होतो. इथं सुरुवातीचा आकडाच कोणी मांडला नव्हता. आधीचा कुठला तरी भलताच आकडा तिथं पडून, मग शून्य येणार कुठून? तुकडे अडकत जायचे अन् चौथ्या दिवशी मेमरी भरायची. मायनं तर दिवससुद्धा मोजून सांगितला होता! इंद्रभान हमसून हमसून रडला.

दुरुस्ती पाठवताना, चूक आधी कळवणाऱ्याचं नाव खाली लिहायची या कर्नेलवाल्या लोकांत रीत आहे. त्यानं मायचं नाव लिहिलं. तेवढं नाव लागावं, बाकी काही नको, असं त्याला झालं. दुसऱ्या दिवशी दुरुस्त्या तपासणाऱ्या परदेशी माणसाचं उत्तर आलं: काम बरोबर आहे, पण नावापुढं ईमेल पत्ता नाही. पत्ता द्या, नाहीतर नाव काढा.

आता मेलेल्या माणसाचा पत्ता काय देणार, कप्पाळ! नाव काही त्याच्यानं पुसवेना. शेवटी मायच्या मोबाईलवर तिच्या नावाचं खातं उघडून त्यानं तो पत्ता पाठवला.

आठवड्यानं देवघरापाशी ठेवलेला तो मोबाईल वाजला. दुरुस्ती नावासकट घेतली होती, अन् तक्रार कळवल्याबद्दल अन्नपूर्णाबाईंचे आभार मानले होते.

"माय, तुले पत्र आलं पाय," तो मोठ्यानं म्हणाला. "थे लोक म्हणतात, तू बरोबर सांगत होती."

टीव्हीवर आरती चालूच होती. दुरुस्ती घातल्यापासून डबीचा न रुसता आज नववा दिवस. एकदा तरी रुसावी अन् मायचा फोन यावा, असं त्याला फार वाटलं.