डाव्या पानावरचं दुखणं

कंपाउंडरकाका दोन मराठी बोलत. पेशंटांच्या बाकापर्यंत एक आणि माझ्या टेबलाशी दुसरी. बाकावरच्या म्हातारीला म्हणत, "काय होऊन राह्यलं वं माय?" आणि दोन पावलं आत येऊन मला सांगत, "म्याडम, यांना कालपासून ज्वर आहे." ज्वर! आमच्या पुण्यातसुद्धा कुणी ज्वर म्हणत नव्हतं.

चूक माझीच. लग्न होऊन धामणगाव बढ्याला आले, दवाखाना टाकला आणि पहिल्याच दिवशी एका बाईचा टोंगळा दुखत होता, तर मी तिच्या घोट्याला हात लावला. रांग खदखदून हसली. टोंगळा म्हणजे गुडघा, हे काकांनी हळूच सांगितलं. मी मात्र वड्याचं तेल वांग्यावर काढलं, "काका, निदान माझ्याशी तरी शुद्ध बोलत जा!" बावीस वर्षं त्यांनी ते पाळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वही आणली. डाव्या पानावर पेशंटांचे शब्द, उजव्यावर माझे. भोवंड म्हणजे चक्कर, हे मी तिथंच शिकले. पण शब्द नुसता लिहून त्यांचं भागत नसे, त्याचं गावघर विचारत. "बिमार हा निजामाच्या राज्यात पाहुणा म्हणून आला, म्याडम, आणि घरजावई होऊन राहिला," हे त्यांचं लाडकं वाक्य. अमडापूरकडची सून आली की इंजेक्शन देता देता तिच्या माहेरचा एखादा शब्द काढून घेत. सुई कधी टोचली ते तिला कळतही नसे. पुढे डावं पान मलाच तोंडपाठ झालं. मीही "काय होऊन राह्यलं?" विचारू लागले. काका माझ्याशी शुद्धच बोलत राहिले.

गेल्या श्रावणात एका संध्याकाळी ते टेबलाशी आले. "म्याडम, किंचित अस्वस्थ वाटत आहे. घरी जाऊ का?" बाहेर गर्दी होती. मी मान वर न करता म्हटलं, "जा, पित्त असेल. गोळी घेऊन जा."

सकाळी ते गेल्याचा निरोप आला.

भेटायला गेले तेव्हा काकूंनी ती वही माझ्या हाती दिली. म्हणाल्या, "घरी आले तवा मले म्हने, छातीवर पाटा ठेवल्यावानी होऊन राह्यलं. तुमाले काऊन नाही सांगतलं, म्याडम?"

वही उघडली. 'छातीवर पाटा' डाव्या पानावर होतं, त्यांच्या वळणदार अक्षरात. समोर मी सांगितलेलं: हृदयाचं दुखणं, ताबडतोब बुलढाण्याला हलवा.

काकू उत्तराची वाट पाहत होत्या. काऊन नाही सांगितलं, ते मला ठाऊक होतं. माझ्याशी शुद्ध बोलत जा, असं मीच बजावलं होतं.