हंगामाचा नारळ

नामदेवराव गेल्याचं कार्ड मोताळ्याहून बुलढाण्याला यायला चार दिवस लागले. तेरवीला एसटीत बसलो तेव्हा रडू येत नव्हतं, परतताना मात्र एक गोंधळ डोक्यात शिरला होता... तो महिना उलटला तरी सुटलेला नाही.

महाराष्ट्र नवा होता आणि मीही. पुण्याहून कारखाना चालवण्याचं शिक्षण घेऊन मोताळ्याच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये व्यवस्थापक झालो. नामदेवराव तिथले फिटर. दिवाळीनंतर कापूस यायला लागला, तशी मी फाटकावर नोटीस लावली : सोमवारपासून हंगाम सुरू, सातला हजेरी. सोमवारी कुणी फिरकलं नाही. एकटे नामदेवराव तेलाची झारी मांडीवर घेऊन फाटकाबाहेर बसलेले.

"आत या की."

"बोलावलं नाही त येऊ कसा, साहेब? मालक घरी येऊन नारळ देत. फाटकावरचा कागद पाहून मानसं येतात काय?"

"मग इथं का बसलात?"

"यंत्राले तेल देनं हाये न..."

माझं पुस्तकी शहाणपण फाटकाशीच गळालं. संध्याकाळपर्यंत नारळांचं पोतं घेऊन दारोदार फिरलो. मंगळवारी सातच्या आत सगळे हजर! पुढची चार वर्षं जातीनं नारळ देत गेलो. खरं सांगतो, मानासाठी नव्हे, हजेरीसाठी. माझ्या तिथल्या नोकरीच्या सहाव्या, शेवटच्या वर्षी कंटाळा केला आणि नारळ शिपायाच्या हाती धाडले. नामदेवराव तरीही सर्वांआधी आले. मला वाटलं, चला, माणूस आता नारळाचा राहिला नाही, कारखान्याचा झाला. मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.

तेरवीला त्यांच्या घरी गेलो. भिंतीतल्या देवळीत पाच सुके नारळ, हळदकुंकू लावलेले.

"तुमच्या हातचे हायेत," त्यांच्या पत्नी यमुनाबाई म्हणाल्या. "कधी फोडू देल्ले नाही."

"आणि शिपायानं आणलेला?"

"त्याची चटनी केली. हेच म्हनले, हा किरान्याचा नारळ हाये, वाटून टाक."

"मग ते कामावर का आले?"

"म्याबी तेच इचारलं. म्हनले, मी नाही गेलो त साहेब फाटकावर एकटाच उभा राहीन."

त्या पाचांतला एकही नारळ मी त्यांच्यासाठी म्हणून दिला नव्हता, आणि ज्या वर्षी स्वतः दिलाच नाही, त्या वर्षी ते माझ्यासाठी आले होते. हे कुठल्या शिक्षणात बसवायचं?

निघताना यमुनाबाईंनी एक नारळ माझ्या हाती ठेवला. आता तो माझ्या टेबलावर आहे. हलवला की आतलं खोबरं खुळखुळतं. फोडवत नाही... आणि तो मानानं ठेवून घ्यायला मन धजत नाही.