गार मातीतलं बी

बळवंत गजभिये रॉटरडॅमला बंदरातल्या एका कंपनीत जहाजांची वेळापत्रकं आखायचा. कुठलंही काम अवेळी झालेलं त्याला खपत नसे. त्याची बायको मीरा प्रयोगशाळेत होती. शहराबाहेरच्या सामाईक बागेत भाजीपाल्यापुरता तुकडा मिळावा म्हणून तिनं बरीच वर्षं नंबर लावला होता. तो मिळाला दोन हजार वीसच्या मार्चमध्ये, आणि लगेच सगळं बंद झालं.

नागपूरला मीराची आई दवाखान्यात होती. विमानं थांबली. आई गेली, तिचं शेवटचं दर्शन मीरानं फोनवर घेतलं. दुसऱ्या सकाळी तिनं पास्टिनाकच्या बियांचं पाकीट उचललं. पांढऱ्या गाजरासारखं हे मूळ इथले लोक हिवाळ्यात खातात.

"अजून रात्री दव गोठतंय," बळवंत म्हणाला. "माती गार आहे, बी कुजेल. एप्रिल संपताना पेरू."

"मला आज पेरायचंय."

ती एकटीच सायकलवरून गेली. पुढे रोज जाऊन वाफा बघून यायची. काही उगवलं नाही. शेवटी बळवंत सोबत गेला, त्यानं माती उकरली आणि काळं पडलेलं बी तळहातावर धरून म्हणाला, "मी सांगितलं होतं ना?"

मीरानं हात झटकले आणि सायकल काढली. नंतर ती बागेत आली नाही.

त्यानं त्याच वाफ्यात नवं बी पेरलं. ते छान आलं. हिमाच्या रात्रींनी हे मूळ गोड होतं, म्हणून तो जानेवारीपर्यंत थांबला. मग उपटून, जिऱ्याची फोडणी देऊन भाजी केली.

"गोड झालीय," मीरा म्हणाली, आणि ताट घेऊन उठली.

त्या रिकाम्या खुर्चीसमोर बसल्यावर त्याला उमगलं. त्या सकाळी तिला पीक नको होतं. कुठंतरी वाकून मातीत हात घालायचा होता. त्यानं नुसती पाण्याची झारी घेऊन तिच्या मागं जायला हवं होतं.

मार्चमध्ये त्यानं पाकीट तिच्यापुढं ठेवलं. "यंदा तुला वाटेल तेव्हा पेर. मी येतो. मीरा, तेव्हा मी..."

"असू दे," ती शांतपणे म्हणाली. "आता मला कसली घाई नाही."

त्या वर्षी त्यानं काहीच पेरलं नाही. पुढल्या वर्षी तुकडा परत केला. बागेच्या फाटकाची किल्ली परत देताना शेजारच्या वाफ्यावरच्या डच बाईंनी विचारलं, "जमीन चांगली नव्हती का?"

"चांगली होती," बळवंत म्हणाला.