x² च्या आधीचा एक

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला आज सांगतोय, कारण उद्या शाळेत पालकसभा आहे — आणि उद्यानंतर सांगितलं तर ते पकडला गेल्यावर बोलल्यासारखं होईल.

धरणगावजवळच्या एका गावात मी नवा गणितशिक्षक होतो. वर्गसमीकरणातले a, b, c ओळखायची माझी एक युक्ती होती — डावीकडून पहिला आकडा a, दुसरा b, तिसरा c. पोरं खूश, मी त्याहून खूश. पदं क्रमानं असली तरच ती चालते, हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण कोण एवढं बघतंय?

वंदना बघत होती. फळ्यावर 6 − 5x + x² = 0 होतं आणि मी बोलता बोलता a = 6 लिहून गेलो. ती उभी राहिली. "सर, a म्हणजे x² चा सहगुणक ना? मग तो 1. लिहिलेला नसला तरी असतो. 6 तर स्थिरपद आहे."

मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "सरनं गनित चुकनं रे!" वर्ग हसला. मीही हसलो, फळा पुसला. आत काय झालं — ते कसं सांगू?

तिकडे तेव्हा पोरीला पुढं शिकवायचं की नाही, हे बाप सरांना विचारून ठरवत. सरांचा शब्द शेवटचा. त्याच आठवड्यात तिचे वडील, नाना, फाटकाशी आले. टोपी हातात.

"सर, पोरले गनित जमस का? जमत नही व्हई ते लगीन करी टाकसूत. स्थळ उनं शे."

हे नीट ऐका — रागाच्या भरात तोंडून निघून गेलं, असं नाही झालं. विचार केला, आणि मग म्हणालो, "नाही जमत, नाना. कच्ची आहे पोरगी."

"बरं झायं सर, तुम्ही खरं सांगं." त्यांनी मला हात जोडले.

दिवाळीनंतर तिची जागा रिकामी होती. हजेरी घेताना मी तिचं नाव गाळून पुढं जायला लागलो.

आता मी जळगावात शिकवतो. यंदा असोद्याहून बसनं येणारी एक मुलगी पहिल्या बाकावर असते. परवा हेच प्रकरण काढलं. मी खडू उचलला, तोच ती म्हणाली, "सर, आधी पदं क्रमानं लावायची ना? आई म्हणते, x² च्या आधीचा 1 दिसत नाही म्हणून विसरायचा नाही."

आईचं नाव विचारायची गरजच नव्हती. तरी विचारलं. वंदना.

आज ती परत आली. "सर, आई उद्याच्या पालकसभेला येतेय. तिला तुम्हाला एकच विचारायचंय — ती गणितात कच्ची आहे, असं तुम्हाला कशावरून वाटलं?"

मला तसं वाटलंच नव्हतं. त्या वर्गात तिच्याइतकं पक्कं कुणी नव्हतं, आणि नानांशी बोलताना, त्या फाटकाशीसुद्धा, मला ते माहीत होतं.

उद्या तिला एवढंच सांगायचं आहे. यापुढं जोडायला माझ्याकडे दुसरं वाक्य नाही.