दोन प्रती आणि एक नारळ

येडशीत स्टेशनजवळ फोटो स्टुडिओ चालवणारे हे गृहस्थ कुणालाच हसायला सांगत नाहीत. "हलू नका," एवढंच म्हणतात. लग्नांचे सगळे फोटो ते लॅपटॉपमध्ये ठेवायचे आणि खबरदारी म्हणून एका वेगळ्या डिस्कवरही. गेल्या खंडेनवमीला त्यांनी दोन्ही एकाच पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं आणि समोरच नारळ फोडला. पाणी दोन्हींत गेलं. सीझनभराचे फोटो गेले, त्यात माझ्या मुलीच्या लग्नाचेही. मला म्हणाले, "लग्न शाबूत हाय नव्हं? मग झालं."

यंदा पूजेला गेलो तर पाटावर नुसता लॅपटॉप.

"डिस्क कुठाय?"

"तेरला, मेव्हण्याकडं."

"मग तिची पूजा?"

नारळ हातात तोलत ते म्हणाले, "न्हाय. तिला देवापासनं लांबच ठेवलंय."